राहून गेलेला 'च'

आमची मुलुंडची बिल्डिंग अखेर रीडेव्हलपमेंटला गेली. गेली दहा वर्षं "होणार, होणार" चाललं होतं, त्यामुळे खरंच होईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. आता या महिनाअखेर घर रिकामं करायचंय. म्हणून सध्या मी रोज सकाळी स्टुलावर चढून माळा आवरते आणि आई खाली खुर्चीत बसून "ते टाकू नकोस, ते टाकू नकोस" म्हणते. दोघींचा मिळून दिवसाला एखादा हातभर माळा आवरून होतो.

परवा अण्णांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. अण्णा २००८ साली गेले, तेव्हापासून ती उघडलेली नव्हती. आत काय असणार? एलआयसीच्या जुन्या पावत्या, रेशनकार्डं, माझ्या आणि दादाच्या मार्कशीटा, सोसायटीची पत्रं आणि एक फाइल. अण्णा आयुष्यभर कारकून, त्यामुळे घरातून गेलेल्या प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी ठेवलेली. कागद पिवळे पडलेत, पण निळी अक्षरं अजून वाचता येतात.

सगळ्यात खालचा कागद होता ४ जुलै १९६९ चा. रजेचा अर्ज. इंग्रजीत, तीनच ओळी. त्यातली मधली ओळ अशी: "ॲज माय मदर इज सिरियस, आय शुड गो टु माय नेटिव्ह प्लेस."

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. माझा हात सवयीने लाल पेन शोधायला लागला. 'शुड' नाही, 'मस्ट' हवं. किंवा 'हॅव टू'. मी हसून आईला म्हटलं, "बघ, अण्णांचं इंग्रजी!"

आई हसली नाही. म्हणाली, "त्याच कागदापायी ह्यांना आई दिसली नाही."

आणि मग तिने मला जे सांगितलं ते मी वयाच्या साठीला आल्यावर पहिल्यांदा ऐकत होते.

*

झालं होतं ते असं. गुरुवारी, ३ जुलैला संध्याकाळी मुलुंडच्या चाळीत तार आली. त्या काळच्या सगळ्या तारा अशाच असायच्या: "मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली". शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे तारेत 'शुड' नाही आणि 'मस्ट' नाही. सरळ आज्ञा. निघा. (२०१३च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा पेपरात पुष्कळ हळवे लेख आले होते. आमच्या आईने एकही वाचला नव्हता. तारेचं नाव काढलं तरी तिच्या पोटात गोळा येतो.)

गाव राजापूर तालुक्यात. पावसाळा म्हणजे बोट बंद. कोकण रेल्वे यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. एसटी हा एकच मार्ग, आणि ती रात्रभर घाट चढत-उतरत जाणार. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली असती तर अण्णा शनिवारी सकाळी घरी पोचले असते.

पण नोकरी नवीन होती. फोर्टातल्या एका खासगी कंपनीत लागून तीनच महिने झालेले, कायम व्हायचे होते. जूनअखेरचे हिशेब चाललेले. शुक्रवारी सकाळी अण्णांनी अर्ज नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो वाचला आणि विचारलं म्हणे, "तुम्ही 'शुड' लिहिलंय. म्हणजे गेलेलं बरं, एवढंच ना? तुमची स्वतःचीच खात्री दिसत नाही. हिशेब संपले की जा." अण्णा काहीतरी बोलायला गेले, पण इंग्रजीत बोलायचं म्हटल्यावर त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. ते "येस सर" म्हणून बाहेर आले.

शनिवारी अर्धा दिवस भरल्यावर रजा मिळाली. रविवारी सकाळी अण्णा पोचले. आजी शनिवारी दुपारी गेली होती. पाऊस थांबत नव्हता, थांबून राहणं शक्य नव्हतं. अण्णा थोरले असून अग्नी धाकट्या काकांनी दिला.

आमच्या नात्यातल्या जुन्या मंडळींना यातलं अर्धं ठाऊक असेल. "अण्णा वेळेवर आला नाही," हे वाक्य मी लहानपणी गावाला गेले की कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलंय. का आला नाही, हे मात्र कुणी सांगत नसे, कारण अण्णांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. एका शब्दामुळे उशीर झाला, हे गावात सांगणार तरी कसं? म्हणून आज मी लिहायला बसले.

*

पहिला प्रश्न मला शिक्षिका म्हणून पडला. अण्णांनी 'शुड' का लिहिलं?

ट्रंकेत त्यांची एक वहीही सापडली, शाळेतली. तिच्यात भाषांतराचे धडे आहेत. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे इंग्रजी. त्यात एका ठिकाणी लिहिलंय "मला गेले पाहिजे", आणि त्यासमोर एकाखाली एक तीन वाक्यं: आय शुड गो, आय ऑट टु गो, आय मस्ट गो. तिन्हींना मिळून एक महिरपी कंस. म्हणजे तिन्ही सारखीच, पाहिजे ते घ्या!

या महिरपी कंसामागे बराच इतिहास आहे.

अण्णांचा जन्म १९४१चा. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं आणि त्या सरकारने पाचवी ते सातवीतलं इंग्रजी काढून ते आठवीपासून शिकवायचं ठरवलं. विचार वाईट नव्हता. मुलाने आधी आपल्या भाषेत पाय रोवावेत, मग परक्या भाषेकडे वळावं, असा तो विचार. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की खेड्यातल्या मुलाला इंग्रजीची चार वर्षं मिळणार, आठवी ते अकरावी. (तेव्हा मॅट्रिक अकरावीला. दहावीची एसएससी १९७५ साली आली.) अण्णा १९५५ साली आठवीत गेले आणि १९५९ साली एसएससी झाले. त्या चार वर्षांच्या शिदोरीवर ते मुंबईत आले आणि ज्या कचेऱ्यांत शिरले तिथला सगळा कारभार इंग्रजीत!

शहरातल्या पैसेवाल्यांना दुसरी वाट होती, इंग्रजी माध्यमाची. मोरारजीभाईंच्या सरकारने तीही अडवून बघितली. ६ जानेवारी १९५४ला फतवा निघाला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुलं सोडून इतर कुणाला नवीन प्रवेश देऊ नयेत. देवळालीची बार्न्स हायस्कूल चालवणारी संस्था आणि काही पालक कोर्टात गेले. आधी मुंबई हायकोर्टाने आणि मग २६ मे १९५४ला सुप्रीम कोर्टाने तो फतवा रद्द केला. पालकांच्या हक्काचा म्हणून तो निकाल आजही कायद्याच्या पुस्तकांत आहे. राजापूर तालुक्यातल्या पालकांना मात्र त्या हक्काचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे माध्यम एकच होतं.

हा वाद तसा फार जुना. १८४०च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये हीच जुंपली होती. अध्यक्ष सर एर्स्किन पेरी म्हणत, वरचं शिक्षण इंग्रजीतूनच. जगन्नाथ शंकरशेट म्हणत, सामान्य माणसापर्यंत ज्ञान न्यायचं तर ते त्याच्याच भाषेतून. नानांचं म्हणणं मला आजही पटतं. पण नाना मराठीची बाजू मांडत होते तीसुद्धा इंग्रजीत, कारण निर्णय घेणारा टेबलाच्या पलीकडे बसला होता आणि त्याला तीच भाषा कळत होती. अण्णांच्या अर्जाचं याहून वेगळं काय होतं? टेबल लहान होतं, एवढंच.

टेबलाच्या अलीकडच्या लोकांसाठी मग भाषांतराची पुस्तकं आली. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असेल, निदान आजोबांच्या कपाटात. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलं त्या वाटेने इंग्रजी शिकली: मराठी वाक्य घ्या, शब्दाला शब्द लावा, क्रम बदला. या पद्धतीला आम्ही बी.एड.ला असताना फार नावं ठेवली. आज वाटतं, चार वर्षांत दुसरं करणार काय होते ते मास्तर? फक्त या वाटेवर एक खड्डा आहे. दोन भाषांतले शब्द एकेकाला एक असे जोडीने उभे राहत नाहीत. मराठीत 'पाहिजे' एक, आणि समोर तिघं उभे. त्यातला कुठला कधी, हे वहीत मावत नाही.

*

'पाहिजे' हा शब्द मला फार आवडतो. तो खरं तर 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप आहे. जुन्या मराठीत 'करिजे' म्हणजे केलं जातं, 'म्हणिजे' म्हणजे म्हटलं जातं. त्या 'म्हणिजे'चंच आपलं 'म्हणजे' झालं. तसंच 'पाहिजे' म्हणजे पाहिलं जातं, वाट पाहिली जाते, शोधलं जातं. जे शोधलं जातं ते हवं असतं, म्हणून 'पाहिजे'. हिंदीतलं 'चाहिए'ही 'चाहना'वरून असंच आलं. पुढे मूळ अर्थ आटला आणि गरज तेवढी उरली. "मला गेलं पाहिजे" म्हणताना कुणीतरी माझ्या जाण्याची वाट पाहतंय, हे आता कुणाच्या मनातही येत नाही. त्या शुक्रवारी मात्र ते अक्षरशः खरं होतं.

इंग्रजीतल्या शब्दांची कुळकथा वेगळीच आहे. 'शुड' हे 'शॅल'चं भूतकाळी रूप, आणि जुन्या इंग्रजीत 'शॅल'चा अर्थ होता 'मी देणं लागतो'. 'ऑट' हे तर सरळ 'ओ' म्हणजे देणं असणं, या क्रियापदाचं जुनं भूतकाळी रूप. जर्मन भाषेत 'शुल्ड' म्हणजे कर्ज, आणि 'शुल्ड' म्हणजेच अपराध. म्हणजे इंग्रजांच्या भाषेत "मी करावं" याच्या मुळाशी "माझ्यावर देणं आहे" असं आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पितृऋण, मातृऋण हे आपले शब्द आठवले होते. अण्णांनी न कळत अगदी योग्य शब्द लिहिला होता असंही म्हणता येईल. आईचं देणं होतं, ते द्यायला जायचं होतं. फक्त तो अर्थ हजार वर्षांपूर्वीचा, आणि साहेब १९६९ सालचे.

कारण मधल्या काळात 'शुड' निवळत निवळत सल्ल्यापुरता उरला. "यू शुड सी अ डॉक्टर." डॉक्टरला दाखवावंस. मराठीत या कामाला आपलं विध्यर्थाचं 'वे' आहे. मनाच्या श्लोकांपासून स्टेशनवरच्या "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" पर्यंत आपण उपदेश या 'वे'मध्ये करतो आणि मनाई 'नये'मध्ये. एसटीत पाटी असायची, हात खिडकीबाहेर काढू नये. इंग्रजी पाटी "डू नॉट" म्हणून दरडावते. मराठी पाटी एखाद्या काकूने सांगावं तशी सांगते. (आणि तितकीच ऐकली जाते, हेही खरं!)

सक्तीसाठी मात्र आपल्याकडे वेगळा शब्दच लागत नाही. आपल्याकडे 'च' आहे.

मला गेलं पाहिजे. मला गेलंच पाहिजे. बस्स. पहिल्यात विचार आहे, दुसऱ्यात निघालेला माणूस आहे. शिवाय हा 'च' हवा तिथे चिकटतो. मलाच गेलं पाहिजे, म्हणजे दुसरं कुणी जाऊन भागणार नाही. गावालाच गेलं पाहिजे, म्हणजे मनिऑर्डर पाठवून चालणार नाही. इंग्रजीत असा चिकटणारा 'च' नाही. तिथे आवाज चढवा, नाहीतर क्रियापद बदला. 'शुड' अधिक 'च' बरोबर 'मस्ट', हे समीकरण मी पुढे वर्गात फळ्यावर लिहायची आणि मुलांना ते एका मिनिटात कळायचं. अण्णांच्या वहीत ते समीकरण नव्हतं.

पण खरं सांगू? 'च' वहीत असता तरी अण्णांनी तो लिहिला असता का, याची मला शंका आहे. साहेबापुढे "मला गेलंच पाहिजे" म्हणणं आपल्या रीतीत बसत नाही. मोठ्या माणसापुढे आपण 'च' गिळतो. "जायला हवं होतं जरा गावाला..." असं खालच्या मानेने म्हणतो, आणि ऐकणाऱ्याने त्यातला 'च' आपण होऊन ऐकायचा असतो. गंमत बघा, 'हवं होतं' हे रूप भूतकाळाचं, आणि आपण ते आत्ताची गरज सांगायला वापरतो, कारण आत्ताची गरज सरळ सांगणं फार उघडं वाटतं. अण्णांनी तिघांतला सगळ्यात मऊ शब्द निवडला तो अज्ञानाने निवडला असेल तितकाच अदबीने. साहेबांना त्यात अदब दिसली नाही, डळमळीतपणा दिसला.

की साहेबांना सगळं कळत होतं? हेही लिहिलं पाहिजे. मराठी कळणारा माणूस, समोर "मदर सिरियस" लिहिलेलं, त्याला 'शुड' अडेल? जूनअखेरचे हिशेब होते, माणूस सोडायचा नव्हता, शब्द हाताशी सापडला. अण्णांनी 'मस्ट' लिहिलं असतं तर कदाचित दुसरं काही सापडलं असतं. हे मला कळतं, आईला कळतं. अण्णांना मात्र आयुष्यभर असंच वाटत राहिलं की चूक आपल्या शब्दाची होती.

राज्य सरकारच्या कचेरीत असते तर? १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर तिथे मराठी शिरली होती. तिथे त्यांनी लिहिलं असतं, "आई अत्यवस्थ असल्याने गावी जाणे भाग आहे, तरी रजा मंजूर व्हावी ही विनंती." 'भाग आहे'! काय शब्द आहे. भाग म्हणजे वाटा. हे माझ्या वाट्याला आलंय, त्यात माझी हौस नाही आणि तुमचा सल्लाही नको. सक्ती पूर्ण, आणि आवाज जराही चढलेला नाही. अण्णांचं मराठी सुरेख होतं. हे वाक्य त्यांनी झोपेतसुद्धा लिहिलं असतं.

*

मी शिकवायला लागले ती घाटकोपरच्या एका मराठी शाळेत, १९९० साली. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० सालच्या जूनपासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून झालं. अण्णांची चार वर्षं, आमच्या मुलांची सहा, आणि पुढे दहा. तरी 'मॉडल ऑक्झिलरीज'चा धडा आला की मुलं हमखास एकाच जागी अडखळायची, आणि ती जागा म्हणजे भूतकाळ.

२६ जुलै २००५चा पाऊस तुम्हाला आठवत असेलच. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर मी नववीच्या मुलांना त्या दिवसावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. एका मुलाने लिहिलं, "माय फादर मस्ट हॅव वॉक्ड फ्रॉम कुर्ला टु मुलुंड." मी त्याला विचारलं, "अरे, तुला माहीत नाही का ते कसे आले?" तो म्हणाला, "माहित्येय ना बाई, चालतच आले. पाणी होतं ना कमरेएवढं, चालावंच लागलं." मग मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. 'हॅड टु वॉक', म्हणजे चालावं लागलं, आणि तो चालला. 'मस्ट हॅव वॉक्ड', म्हणजे चालला असेल, आपला अंदाज. 'शुड हॅव वॉक्ड', म्हणजे चालायला हवं होतं, पण चालला नाही.

इंग्रजीत 'मस्ट'ला स्वतःचा भूतकाळ नाही, कारण तो मुळात दुसऱ्याच एका जुन्या क्रियापदाचा भूतकाळ आहे. त्यामुळे कालची सक्ती सांगायला 'हॅड टू'ची उसनवारी करावी लागते. मराठीत ही तिन्ही रूपं इतकी वेगळी आहेत की आपण चुकतच नाही. 'लागलं', 'असेल', 'हवं होतं'. जे झालं ते, जे झालं असेल ते, आणि जे झालं नाही ते. 'लागलं'मध्ये तर माणूस कर्ताही उरत नाही. "मला जावं लागलं." जाणं मला येऊन लागलं, ठेच लागावी तसं. पण "मी विचारायला हवं होतं" यात मी मीच. तिथे 'मला'च्या मागे लपता येत नाही.

हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. घाटकोपर ते मुलुंड ट्रेनमध्ये बसून या धड्याच्या वह्या तपासल्या.

आणि घरी अण्णा मला विचारत असत, "अगं, 'शुड' आणि 'मस्ट'मध्ये फरक काय नक्की?"

किती वेळा विचारलं असेल! मी बी.ए.ला होते तेव्हापासून. मी आधी नीट सांगायची, मग चिडून सांगायची, मग "अण्णा, तुम्हाला हजारदा सांगितलंय" म्हणायची. ते मान हलवायचे आणि सोसायटीच्या अर्जात 'मस्ट'च लिहायचे. पाण्याची टाकी 'मस्ट' बी क्लीन्ड. दादाच्या लग्नाला साहेबांना पाठवलेल्या चिठ्ठीत "यू मस्ट कम". आम्ही भावंडं हसायचो. घरात त्यांचं नावच पडलं होतं, मस्टमास्तर.

१९८८ साली मला टायफॉइड झाला, तेव्हाची गोष्ट. मी हॉस्पिटलात, ताप उतरलेला पण उठवत नव्हतं. अण्णा पलंगाशेजारी बसून रजेचा अर्ज लिहीत होते. लिहून झाल्यावर नेहमीसारखा माझ्यापुढे धरला. त्यात होतं, "आय मस्ट रिमेन विथ माय डॉटर." मी बी.ए. झालेली, इंग्रजी घेऊन. म्हटलं, "अण्णा, 'मस्ट' उद्धट वाटतं साहेबाला. 'शुड' करा." आणि त्यांच्याच पेनने मी तो शब्द खोडून वर 'शुड' लिहिला.

अण्णा काही बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला आणि "घरी जाऊन नीट उतरवतो" म्हणाले.

*

परवा आईने सगळं सांगितल्यावर मी ती फाइल पुन्हा उघडली आणि तारखा बघत बघत १९८८ पर्यंत आले. सापडला. कार्बन कॉपी, जरा पुसट. त्यात 'मस्ट' आहे. माझी दुरुस्ती त्यांनी घेतली नव्हती.

मी आईला विचारलं, "त्यांनी मला कधी सांगितलं का नाही?"

आई म्हणाली, "तू विचारलंस कधी, की अण्णा, तुम्ही हेच का विचारता सारखं म्हणून?"

नाही विचारलं. पस्तीस वर्षं मुलांना 'शुड हॅव'चा उपयोग शिकवला. त्यासाठी वाक्यं मी स्वतः तयार करायची: मी छत्री आणायला हवी होती, मी लवकरची लोकल पकडायला हवी होती. घरात एक माणूस रोज तोच प्रश्न घेऊन येत होता आणि मी त्याला दर वेळी व्याकरणाचं उत्तर देत होते.

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं का? आईला विचारलं तर ती म्हणते, "सांगितलं असतंही. नसतंही. त्यांचं काय सांगता येतं?"

असो. बरंच लांबलं. ट्रंक रद्दीत द्यायची ठरली होती, ती आता आमच्याबरोबर भाड्याच्या घरी येतेय. आईने फाइल आपल्या उशाशी ठेवलीय. काकांना उद्या फोन करून हे सगळं सांगणार आहे. अण्णांना उशीर का झाला, हे त्यांना सत्तावन्न वर्षांनी का होईना, कळलंच पाहिजे.